एक फोटो, तीन अमावास्या आणि पाण्यातली ज्येष्ठा

आकाशगंगेचा एक धड फोटो काढायचा असं ठरवलं फेब्रुवारीत, आणि तो "झाला" असं म्हणायला जुलै उजाडला. मधल्या पाच महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण सुरुवातीला मला जे वाचायला हवं होतं ते कुठं एका जागी मिळालं नाही. फोटो कसा काढायचा हे सगळे सांगतात. पण काढलेला फोटो चार लोकांसमोर ठेवून गप्प बसायचं कसं हे कुणी सांगत नाही, आणि माझा अर्धा दम तिथंच गेला.

आधी सामान सांगते म्हणजे पुढचं कळेल. सेकंडहँड क्रॉप सेन्सर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, १६ एमएमची एफ २.८ लेन्स, आणि ट्रायपॉड. पैशाच्या हिशेबात सगळ्यात जास्त गेले ते ट्रायपॉडला, लेन्सपेक्षाही जास्त, आणि त्याचा एकदाही पस्तावा झाला नाही. त्याआधीचा हलका ट्रायपॉड वाऱ्यात असा थरथरायचा की ताऱ्यांची अक्षरं उमटायची. जागा म्हणजे एक तलाव, त्यात उभं एक वठलेलं झाड, आग्नेयेला मोकळं क्षितिज. कुठला तलाव ते मुद्दाम लिहीत नाहीये, अंधाऱ्या जागा तशाही कमीच उरल्यात. आकाश किती काळं आहे हे मोजायला हौशी खगोल निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये केलेली १ ते ९ अशी एक पट्टी आहे, १ म्हणजे काळंकुट्ट, ९ म्हणजे शहराचा मध्य. माझा तलाव माझ्या अंदाजानं ४ मध्ये बसतो, म्हणजे आकाशगंगा डोळ्यांना दिसते पण एका बाजूला गावाच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर बसलेला असतो.

तिथं सूर्यास्तानंतर थांबायला परवानगी लागते. ३ फेब्रुवारीला अर्ज दिला. ओळखपत्राची प्रत, गाडीचा नंबर, सोबत कोण, कारण काय, आत-बाहेरची वेळ. कारणात मी "छायाचित्रण" लिहिलं आणि सामानाच्या यादीत प्रामाणिकपणे ट्रायपॉड टाकला, तिथंच अडकलं. आठवड्यानं उलट प्रश्न आला की हे व्यावसायिक चित्रीकरण आहे का, असल्यास वेगळा फॉर्म. ट्रायपॉड म्हणजे धंदा असा एक समज आहे, तो का आहे मला माहीत नाही, पण आहे. मग साध्या कागदावर लिहून दिलं की फोटो विकणार नाही, माणसं दोन, ड्रोन नाही, मोठे दिवे नाहीत. "ड्रोन नाही" हे न विचारता लिहा, खूप फरक पडतो. १४ मार्चला पत्र हातात आलं, म्हणजे ३९ दिवस. फी मात्र एका मेमरी कार्डाच्या किमतीपेक्षाही कमी होती.

पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला. परवानगी होती "दिनांक २९ मार्च" ची. अमावास्या २९ मार्च २०२५ ची बरोबर, पण आकाशगंगेचा मधला भाग माझ्या झाडावर येणार होता पहाटे दीडला, म्हणजे ३० तारीख! कागदाप्रमाणे मी बाराला बाहेर पडायला हवं होतं. परत गेले, परत रांग, खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी पेननं "ते ३० मार्च" असं लिहून शिक्का मारून दिला. तर अर्जात नेहमी दोन तारखा टाका, रात्र दोन तारखांत पसरलेली असते हे आपल्याला कळतं, फॉर्मला नाही कळत.

## पहिली रात्र

धाकट्या भावाला सोबत नेलं. एकटीनं जाऊ नका, भूतखेत सोडा, अंधारात पाय मुरगळला तर कॅमेरा उचलून आणणारं कुणीतरी हवं. तो गाडीत झोपला. मी ११ ला जाऊन बसले कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइल बघितला की परत शून्यापासून. लाल उजेडाची बॅटरी वापरायची, लाल उजेडानं तो सराव फारसा मोडत नाही.

दीडच्या सुमाराला वृश्चिक चांगला वर आला, त्यातला ठळक तारा ज्येष्ठा, तांबूस दिसत होती आणि तिच्या खाली डावीकडं, नांगीच्या म्हणजे मूळ नक्षत्राच्या पलीकडं, तो धुरकट फुगवटा. आकाशगंगेचं केंद्र त्या दिशेला आहे, सुमारे २६,००० प्रकाशवर्षं लांब. खरं सांगते, दहा मिनिटं कॅमेऱ्याला हात लावला नाही. नंतर लावला आणि तासाभरात ९० फोटो काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकेक असा झळझळीत दिसत होता की मी भावाला उठवून दाखवला.

घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर काय, झाड आणि काठ काळा ठिक्कर, आणि तारे म्हणजे पिठाचे गोळे. अंधारात बघताना स्क्रीन आपल्याला खोटं सांगते, सगळंच उजळ वाटतं. हिस्टोग्राम बघायचा, म्हणजे फोटोत काळं किती आणि उजळ किती ते दाखवणारा आलेख, तो डावीकडच्या भिंतीला चिकटला असेल तर सावल्यांत काही उरलेलं नाही असं समजायचं. आणि फोकस मी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर ठेवला होता. ती खूण बऱ्याच लेन्सवर नेमकी नसते. नंतर शिकले की ऑटोफोकस बंद करायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या दृश्यात) एखादा ठळक तारा दहापट मोठा करून रिंग हलकेच फिरवत तो लहानात लहान ठिपका होईल तिथं थांबायचं, आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाकायची. चिकटपट्टी हा या छंदातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग.

तरी त्यातला एक बरा फोटो निवडला, कारण ६ एप्रिलला कॉल होता.

## आता ते कॉलचं

आम्ही चौघं आहोत. एक काका, रिटायर्ड, फिल्मच्या जमान्यापासून डोंगर-नद्यांचे फोटो काढणारे. एक मैत्रीण जी फोटो काढतच नाही, इलस्ट्रेशन करते. एक कॉलेजातला मुलगा, त्याला ताऱ्यांच्या गोल रेघांचं वेड. आणि मी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉल, प्रत्येकानं एकच फोटो दोन दिवस आधी पाठवायचा, आणि ज्याचा फोटो आहे त्यानं बाकी तिघांचं बोलून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम काकांचा. मला तो पहिल्यांदा छळ वाटला.

मी बसले तयारीत. मनात सगळी कथा तयार, ३९ दिवस, शिक्का, पहाट, थंडी. काका म्हणाले, "अगं, मला यात पहिलं काय दिसलं सांगू? बाटली."

कसली बाटली?

डावीकडं खाली, काठावर, माझी पाण्याची बाटली. स्टीलची. माझ्याच बॅटरीचा उजेड पडून चमकत होती, अख्ख्या फोटोत सगळ्यात उजळ वस्तू ती. मी तो फोटो निदान पन्नास वेळा बघितला होता आणि मला ती एकदाही दिसली नव्हती, कारण मी आकाशगंगा बघत होते. मैत्रीण म्हणाली, झाड बरोबर मध्ये आहे आणि त्याच्या फांद्या त्या उजळ भागात घुसल्यात, दोन्ही एकमेकांना खातायत, तू चार पावलं डावीकडं सरकली असतीस तर? मी तोंड उघडणार होते की डावीकडं चिखल होता. नियम आठवला. गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर लक्षात आलं की चिखल होता हे फोटोत दिसत नाही, थंडीही दिसत नाही, परवानगीचं पत्र तर नाहीच नाही.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस फोटो उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी उघडला आणि बाटलीशिवाय दुसरं काही दिसेना.

त्याच कॉलमध्ये मी त्या मुलाच्या फोटोवर बोलले ते जास्त लाजिरवाणं. ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं, खाली एक कौलारू घर. मी म्हणाले, छान आहे, मेहनत दिसते, फक्त जरा डार्क वाटतोय, पण छान आहे. काकांनी विचारलं, "हे तू त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालीस, की फोटो बरा व्हावा म्हणून?" आणि वर कळलं की मी तो फोटो मोबाइलवर, ब्राइटनेस कमी करून, उन्हात उभी राहून बघितला होता. डार्क माझा मोबाइल होता. तेव्हापासून मी दुसऱ्याचा फोटो मोठ्या स्क्रीनवर दिवसा घरात बघते आणि तीन गोष्टी लिहून काढते: नजर पहिली कुठं गेली, नंतर कुठं गेली, आणि कुठं अडली. आवडलं की नाही हे त्यात येतच नाही. आणि फोटो पाठवताना "कसा वाटतोय?" विचारायचं बंद केलं, कारण त्याचं उत्तर "छान" हेच असतं. "झाड आकाशापासून सुटं दिसतंय का?" असं विचारलं की माणसं खरंच झाडाकडं बघतात.

## दुसरी अमावास्या

२७ एप्रिल. परवानगी यावेळी १२ दिवसांत आली, दोन्ही तारखांसकट.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी कारण तिच्यामुळं तोच फोटो परत काढता येतो. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. मार्चअखेर पहाटे दीडला जे आकाश माझ्या झाडावर होतं तेच एप्रिलअखेर रात्री साडेअकराला आणि मेअखेर साडेनऊला. तेच झाड, तीच आकाशगंगा, फक्त जागरण कमी होत जातं! पण जुलैअखेर ते आकाश संध्याकाळी साडेपाचला येणार, म्हणजे उजेडात, म्हणजे मे-जूनपर्यंत जमवा नाहीतर पुढच्या वर्षी.

चिखलात चार पावलं डावीकडं सरकले. झाड उजवीकडं सुटलं, फांद्या मोकळ्या झाल्या. ट्रायपॉड अगदी खाली घेतला, पुढचे दोन पाय पाण्यात, कॅमेरा उभा धरला म्हणजे वर आकाश खाली पाणी. बाटली गाडीत.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे तारे न ताणता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल ते काढायला, मी ५०० चा जुना नियम लावला: ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीनं (तिच्यावरच्या एमएमच्या आकड्यानं) भागायचं, क्रॉप सेन्सर असेल तर लांबीला आधी दीडनं गुणायचं. १६ गुणिले दीड म्हणजे २४, म्हणून साधारण २० सेकंद. घरी शंभर टक्के झूम करून बघितलं तर प्रत्येक तारा ५-६ पिक्सेल लांब, तांदळाच्या दाण्यासारखा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, २४ मेगापिक्सेलला ते लपत नाही. एनपीएफ नावाचं दुसरं गणित आहे, त्यात अपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं, तो एफचा आकडा) आणि पिक्सेलचा आकारही धरतात, त्यानं माझ्या सेटला १३ सेकंद येतात. आता १३ च वापरते.

आणि दव. साडेबारानंतर लेन्सवर दव धरलं आणि मला कळलंच नाही. शेवटचे ४० फोटो असे की जणू दुधाच्या पिशवीतून काढलेत. दर दहा मिनिटांनी लेन्सवर तिरकी बॅटरी मारून बघा, पण पुसू नका, परत धरतंच आणि वर फोकस हलतो. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा मिळतो, लेन्सला गुंडाळायचा, दव पडायच्या आधीपासून. मी तो दुसऱ्याच दिवशी मागवला.

आणखी एक घाबरवणारा प्रकार म्हणजे पाणी आणि झाड उजळ यावं म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर चार मिनिटांचं वेगळं एक्स्पोजर घेतलं, शटर बंद झालं आणि कॅमेरा मेला. स्क्रीन काळी, बटण दाबून काही होईना, मी बॅटरी काढणार इतक्यात फोटो आला. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू होतं. त्यात कॅमेरा पहिल्या फोटोइतकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो काढतो आणि त्यातले गरम पिक्सेल, म्हणजे उगाच चमकणारे ठिपके, वजा करतो, म्हणजे चार मिनिटांचे आठ. अशा एकट्या लांब फोटोला ते ठेवा, ताऱ्यांच्या सलग फोटोंना बंद करा.

४ मेच्या कॉलला मी दवाच्या आधीचा एक फोटो ठेवला. कुणी बाटली म्हणालं नाही. मैत्रीण म्हणाली, आता झाडाला श्वास घ्यायला जागा आहे. मुलानं दाण्यासारखे तारे बरोबर पकडले आणि एनपीएफचं त्यानंच सांगितलं, त्याचं श्रेय त्याला.

## तिसरी

२६ मे, अमावास्येच्या आदली रात्र. फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळं नीट झालं. साडेनऊला सुरुवात, आकाशाचे १३ सेकंदांचे १६ फोटो आयएसओ ३२०० वर, मग ट्रायपॉड न हलवता पाण्या-झाडासाठी चार मिनिटांचा एक. इतकंच की सातव्या फोटोच्या वेळी भावानं गाडीचं दार उघडलं आणि आतला दिवा अख्ख्या झाडावर पडला, तो फोटो बाद, अजून एक काढला. आत जाताना गाडीचा दिवा बंद करून ठेवा, त्याचं बटण बहुतेक छतावर असतं.

सोळा फोटो का, तर एकमेकांवर बसवून सरासरी काढली की नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वर्गमुळाच्या हिशेबात उतरतो, १६ चे चौथाई. सॉफ्टवेअर तारे जुळवून घेतं. मग खाली तो चार मिनिटांचा फोटो जोडायचा. हे जोडकाम आहे हे मी फोटोखाली लिहिते, लपवायचं काय त्यात.

आणि मग मी तो एडिट करून बिघडवला. चार रात्री, अंधाऱ्या खोलीत, मॉनिटर फुल ब्राइट. १ जूनला काकांनी नुसतं विचारलं, "जांभळं आकाश कुठं बघितलंस गं?" मैत्रीण म्हणाली झाडाच्या कडेनं पांढरी रेघ आहे, कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी. मुलाच्या स्क्रीनवर पाणी दिसतच नव्हतं, काळं. तिघांचंही बरोबर होतं, ती रेघ मास्क (दोन फोटो जोडायची कड) आणि शार्पनिंग जास्त ताणल्याची, आणि पाणी काळं कारण माझा मॉनिटर इतका उजळ होता की मला सगळंच कमी करावंसं वाटत होतं.

मी म्हटलं आता जूनच्या २५ ला परत जाते. काका म्हणाले कशाला? मग त्यांनी अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या त्या न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाच्या फोटोची गोष्ट सांगितली, की निगेटिव्ह एकच, पण तो माणूस पुढं अनेक वर्षं त्याचे प्रिंट वेगवेगळे काढत राहिला, नंतरच्या प्रिंटांत आकाश जास्त जास्त काळं होत गेलं. फोटोची तारीख त्यालाच धड आठवत नव्हती, ती खगोलवाल्यांनी चंद्राच्या जागेवरून काढली, १ नोव्हेंबर १९४१. (यावरून मी वही सुरू केली: तारीख, वेळ, सेटिंग, कुठं उभी होते. काकांना हे अपेक्षित नव्हतं बहुतेक.)

तशीही २५ जूनला ढगांनी परवानगी दिली नसती. घरी बसून पहिल्यापासून केलं, दिवसा, मॉनिटर निम्म्यावर. व्हाइट बॅलन्स (रंग किती निळसर, किती पिवळसर ते ठरवणारं सेटिंग) ४००० केल्व्हिनच्या आसपास ठेवला, रंगाचा स्लायडर जिथं आवडला तिथून अर्धा मागे आणला, रात्री बंद करून सकाळी परत बघितला. क्षितिजाजवळचा गावाचा पिवळा उजेड आधी पुसून टाकत होते, तो राहू दिला, तो तिथं आहेच की.

६ जुलैच्या कॉलला यावेळी माझा प्रश्न होता, "पाणी आणि आकाश एकाच रात्रीचे वाटतायत का?" मैत्रीण आणि मुलगा हो म्हणाले. काका बराच वेळ गप्प, स्क्रीनजवळ चेहरा आणून बघत होते, आम्हाला फक्त त्यांचा चष्मा दिसत होता.

"वर ज्येष्ठा ठिपका आहे," ते म्हणाले, "मग पाण्यात तिची रेघ कशी पडली?"

झूम केलं. उजवीकडं, खाली, पाण्यात बारीक तांबूस रेघ, सत्तरेक पिक्सेलची. चार मिनिटांत आकाश एक अंश सरकतं, वरचे तारे १३ सेकंदांचे म्हणून ठिपके, खालचं पाणी चार मिनिटांचं म्हणून रेघा. एक नाही, नीट बघितलं तर चार-पाच होत्या. तलाव त्या रात्री इतका स्थिर होता हेही मला तेव्हाच कळलं.

मी हसायलाच लागले, नियम मोडून.

आता पाणी मी त्या १३ सेकंदांच्या एकाच फोटोतून घेतलंय, झाड आणि काठ मात्र चार मिनिटांच्यातूनच. पाण्यात नॉइज आहे, कमी करायला गेलं की ज्येष्ठा पुसली जाते. काकांना पाठवला तर उत्तर आलं, "राहू दे."